डब्यातल्या १६ गोळ्या

वाचकाचं पत्र: आम्ही लालबागला चाळीत राहतो. माझे मिस्टर वडाळ्याला एका बांधकामाच्या साइटवर सुपरवायझर आहेत. वय ४६, वजन ८२ किलो. १२ जुलैला त्यांना थंडी वाजून ताप आला. पालिकेच्या दवाखान्यात रक्त तपासलं, व्हायवॅक्स मलेरिया निघाला. क्लोरोक्विनच्या १० गोळ्या तीन दिवसांत संपवल्या. शिवाय रोज २ प्रमाणे १४ दिवस घ्यायला छोट्या गोळ्या दिल्या होत्या, त्या सहा दिवस घेतल्या. पोटात मळमळायचं आणि ताप तर गेलेला, म्हणून सोडल्या. १६ गोळ्या अजून डब्यात आहेत. आता ४ सप्टेंबरला पुन्हा तसाच ताप, पुन्हा व्हायवॅक्स. गल्लीतला मेडिकलवाला म्हणाला, "जंतू रेझिस्टंट झालाय, क्लोरोक्विन आता चालत नाही, हे भारी घ्या," आणि आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिनचं ६ गोळ्यांचं पाकीट दिलं. अजून सुरू केलेलं नाही. त्यांच्या अंगाला औषधाची सवय झाली का? जंतू रेझिस्टंट होतो म्हणजे नक्की काय होतं? हे पाकीट द्यायचं का? मुलालाही कालपासून कणकण आहे, त्याला त्यातल्याच ३ गोळ्या दिल्या तर? आणि शेजारच्या वहिनी त्या १६ गोळ्या मागताहेत. त्यांची मुलगी पाच महिन्यांची गरोदर आहे, तिलाही मलेरिया निघालाय.
— एक वाचक, लालबाग

ताई, जे तातडीचं होतं ते तुम्हाला पत्र मिळताच कळवलं आहे. बाकीच्या वाचकांसाठी ते इथे पुन्हा लिहितो. भारी पाकीट स्वतःच्या मनाने सुरू करायचं नाही, ज्या दवाखान्यात पहिल्यांदा रक्त तपासलं तिथेच परत जायचं. मुलाला एकही गोळी न देता आजच्या आज त्याचं रक्त तपासून घ्यायचं. आणि त्या १६ गोळ्या शेजारी अजिबात द्यायच्या नाहीत. त्या प्रायमाक्वीनच्या आहेत आणि प्रायमाक्वीन गरोदरपणात देत नाहीत. पोटातल्या बाळाच्या तांबड्या पेशी त्या औषधाने फुटू शकतात आणि ते बाहेरून कुणाला कळतही नाही. वहिनींच्या मुलीने रिपोर्ट घेऊन आजच प्रसूती विभाग असलेल्या रुग्णालयात जावं. तुम्हाला केईएम जवळ आहे. तिच्या रिपोर्टवर व्हायवॅक्स लिहिलंय की फाल्सिपेरम (मलेरियाच्या जंतूचे हे दोन मुख्य प्रकार), यावर तिचं औषध ठरेल. व्हायवॅक्स असेल तर क्लोरोक्विन गरोदरपणातही चालतं.

आता मूळ प्रश्न. आधी तारखा मोजू या, कारण तुमच्या बाबतीत अर्धं उत्तर तारखांमध्येच आहे. १२ जुलै ते ४ सप्टेंबर म्हणजे ५४ दिवस. मलेरिया परत येतो तेव्हा त्याची तीन कारणं असू शकतात आणि तिन्हींना लोक सरसकट "रेझिस्टंट" म्हणून टाकतात. एक, रक्तातले जंतू औषधाने पुरते मेलेच नाहीत आणि उरलेले पुन्हा वाढले. दोन, यकृतात झोपून राहिलेले जंतू जागे झाले. तीन, नवा डास चावला आणि नवा मलेरिया झाला.

क्लोरोक्विन रक्तात महिनाभर तरी रेंगाळतं. पुरेसं क्लोरोक्विन रक्तात असतानाच, म्हणजे पहिल्या २८ दिवसांत, व्हायवॅक्स परतला, तर तो क्लोरोक्विनला दाद देत नाही असा संशय घ्यायचा. तुमच्या यजमानांना ताप आला तो सातव्या-आठव्या आठवड्यात. क्लोरोक्विन ओसरल्यावर आणि छोट्या गोळ्या अर्ध्यावर सोडल्यावर यकृतातला व्हायवॅक्स जागा होतो, तो साधारण याच सुमारास. साइटवर नवा डास चावला असण्याचीही शक्यता आहे, पण छोट्या गोळ्या सहाव्या दिवशी सुटल्या आहेत तेव्हा पहिला संशय यकृतावरच.

क्लोरोक्विन काम करतं ते फक्त रक्तात. यकृतात दडलेल्या व्हायवॅक्सला ते शिवत नाही. मेडिकलवाल्याने दिलेलं भारी पाकीटही शिवत नाही! ते घेतलं असतं तर ताप दोन दिवसांत उतरला असता, तुम्ही म्हणाला असतात की बघा, भारी औषध लागू पडलं, आणि दिवाळीच्या आसपास तोच ताप पुन्हा आला असता. यकृतात पोचणारं औषध त्या डब्यातलं आहे.

भारतात व्हायवॅक्सवर क्लोरोक्विन अजून चांगलं चालतं. व्हायवॅक्सने क्लोरोक्विनला दाद न दिल्याची पहिली नोंद १९८९ची, पापुआ न्यू गिनीमधली. त्यानंतर इंडोनेशियात तो प्रश्न मोठा झाला. आपल्याकडे तशा नोंदी तुरळक आहेत.

आता, "अंगाला औषधाची सवय झाली का?" नाही. सवय माणसाच्या अंगाला लागत नाही, बदल जंतूत होतो. हा फरक नीट समजून घ्या, कारण त्यातूनच कळतं की एका घरातला अर्धवट डोस दुसऱ्या घरातल्या, क्लोरोक्विनची गोळी कधी तोंडात न घातलेल्या माणसाला कसा भोवतो. बदललेला जंतू डासाबरोबर त्याच्याकडे जातो.

हा बदल कसा होतो ते आकड्यांत बघू. रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली तपासताना जंतू जेमतेम दिसायला लागतात तेव्हा रक्ताच्या एका थेंबात साधारण अडीच हजार जंतू असतात. मोठ्या माणसाच्या अंगात ५ लिटर रक्त धरलं तर हे झाले २५ कोटी. फाल्सिपेरमच्या जबर तापात तोच आकडा एक लाख कोटीपर्यंत जातो. दर ४८ तासांनी प्रत्येक जंतू तांबड्या पेशीत बसून स्वतःच्या डझन-दोन डझन नकला काढतो, पेशी फोडतो, आणि ती पिल्लं नव्या पेशींत शिरतात. पेशी एकदम फुटतात तेव्हाच ती हुडहुडी भरते.

प्रत्येक नक्कल काढताना जंतूला आपला सगळा जनुकीय मजकूर उतरवून घ्यावा लागतो. फाल्सिपेरमचा हा मजकूर सुमारे २ कोटी ३० लाख अक्षरांचा आहे. एवढं उतरवताना चूक होतेच. एखादं ठरावीक अक्षर चुकण्याची शक्यता साधारण १०० कोटींत एक इतकी कमी आहे. पण अक्षरंच इतकी आहेत की दर ४०-५० पिल्लांमागे एकात काही ना काही नवी चूक असते. बहुतेक चुका निरुपयोगी, काही त्या पिल्लाच्याच जिवावर उठणाऱ्या. क्वचित एखादी अशी असते की नेमकं जे औषध दिलंय ते त्या पिल्लावर कमी चालतं. म्हणजे गोळी पोटात जाण्याआधीच असे दोन-चार भिडू गर्दीत असू शकतात. औषध त्यांना घडवत नाही. औषध बाकीच्यांना मारून त्यांच्यासाठी मैदान मोकळं करतं.

चूक कुठे झाली की काय बिघडतं, हेही आता बरंच कळलंय. जंतू तांबड्या पेशीतलं हिमोग्लोबिन खातो. ते पचवताना लोह असलेला 'हीम' नावाचा विषारी भाग उरतो आणि जंतू त्याचे स्फटिक करून एका बाजूला ठेवतो. काचेवर जंतूत जे तपकिरी ठिपके दिसतात ते हेच. क्लोरोक्विन जंतूच्या पचनाच्या पिशवीत जाऊन साठतं आणि ते स्फटिक होऊ देत नाही. जंतू स्वतःच्याच उष्ट्याने मरतो. क्लोरोक्विनला दाद न देणाऱ्या फाल्सिपेरममध्ये त्या पिशवीच्या भिंतीतलं एक प्रथिन बदललेलं असतं आणि त्यातून औषध बाहेर फेकलं जातं. औषध आत येतं, पण साठत नाही.

सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिनची गोष्ट वेगळी. हे जोडऔषध जंतूची फोलेट तयार करायची साखळी दोन ठिकाणी तोडतं. तिथे जंतू पायरी-पायरीने बदलला. एका बदलाने औषध थोडं कमी चालतं, दुसऱ्याने आणखी कमी, तीन-चार बदल जमले की औषध पाण्यासारखं.

आर्टेमिसिनिन गटाच्या औषधांना (आर्टेमेथर, आर्टेसुनेट ही त्यातलीच) चेतवायला तेच हिमोग्लोबिनमधलं लोह लागतं. 'केल्च १३' नावाच्या जनुकात बदल झालेला जंतू आपल्या कोवळ्या अवस्थेत, सूक्ष्मदर्शकाखाली अंगठीसारखा दिसतो तेव्हा, हिमोग्लोबिन कमी खातो. लोह कमी, म्हणून औषध कमी चेततं. औषध काही तासांत रक्तातून निघून जातं आणि तोवर हा जंतू जवळजवळ उपाशी बसून वेळ काढतो.

काही औषधं वर्षभरात हातची गेली आणि काहींनी दशकभर साथ दिली, याचंही कारण इथेच आहे. प्रोग्वानिल १९४८च्या सुमारास वापरात आलं आणि वर्षभरातच मलायात ते न चालणारे रुग्ण दिसू लागले. अॅटोव्हाक्वोन या औषधाला चुकवायला जंतूला एका अक्षराचा बदल पुरतो, म्हणून मलेरियावर ते एकटं देत नाहीत. क्लोरोक्विनला मात्र अनेक बदल एकत्र जमावे लागतात. ते जमले तेव्हा १९५०चं दशक संपत आलं होतं, आणि जमले ते थायलंड-कंबोडियाच्या सीमेवर आणि दक्षिण अमेरिकेत. तेव्हाच्या काळात ब्राझील, कंबोडिया अशा ठिकाणी खायच्या मिठातच मलेरियाचं औषध मिसळून वाटलं जाई. हेतू चांगला होता. पण मिठातून कुणाच्या पोटात किती औषध जाईल याचा काही नेम नव्हता, आणि अख्ख्या वस्तीच्या रक्तात कमी-जास्त औषध कायम राहिलं. दाद न देणाऱ्या जंतूला याहून सोयीचं काय असणार?

आपल्या देशात फाल्सिपेरम क्लोरोक्विनला जुमानत नाही हे पहिल्यांदा १९७३मध्ये आसामच्या कार्बी आंगलाँग जिल्ह्यात दिसलं. १९७९मध्ये त्याच भागात सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिनही अपुरं पडू लागल्याचं आढळलं. २०१०पासून देशभर फाल्सिपेरमला आर्टेसुनेट आणि सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन असं जोडऔषध सुरू झालं. ईशान्येकडच्या राज्यांत मात्र तो साथीदार आधीच थकलेला होता, म्हणून २०१३मध्ये तिथे आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिन आणावं लागलं. मेडिकलवाल्याने तुमच्या हातात दिलं ते हेच औषध, ताई. एका भागातल्या लोकांसाठी ते गरजेपोटी आलेलं आहे, साध्या व्हायवॅक्सवर "भारी" म्हणून काउंटरवरून द्यायला आलेलं नाही.

तुमच्या चौथ्या प्रश्नावर आम्ही जास्त थांबणार आहोत: एक पाकीट दोघांत वाटायचं का?

मोठ्या माणसाच्या त्या पाकिटात ६ गोळ्या असतात. पहिली घेतल्यावर दुसरी ८ तासांनी, मग सकाळ-संध्याकाळ एकेक, असे तीन दिवस. दोघांना तीन-तीन दिल्या तर दोघांनाही दीड दिवसाचं औषध मिळतं. तीन दिवसच का, याचा हिशोब असा. आर्टेमिसिनिन गटाचं औषध जंतूच्या ४८ तासांच्या एका फेरीत दहा हजारांतला साधारण एकच जंतू शिल्लक ठेवतं. जबर आजारातला एक लाख कोटीचा आकडा घ्या. पहिल्या फेरीनंतर उरले १० कोटी. तीन दिवस औषध दिलं की जंतूची दुसरी फेरीही त्यात सापडते, मग उरतात १० हजार. हे शेवटचे १० हजार जोडीचं औषध, म्हणजे ल्युमेफँट्रिन, पुढचे काही दिवस रक्तात राहून संपवतं.

आता मघाचा १०० कोटींत एकचा आकडा आठवा. १० हजार जंतूंत ल्युमेफँट्रिनला चुकवणारा एखादा ठरावीक बदल असण्याची शक्यता लाखात एक. तेच दीड दिवसात थांबलात आणि १० कोटी उरले, तर तीच शक्यता होते दहात एक. शिवाय साथीदार औषधही अर्धंच पोटात गेलेलं, म्हणजे जंतूंना ते चाखायला मिळणार, मारणार नाही. हा हिशोब ढोबळ आहे, प्रत्यक्षात जंतूंची संख्या, वजन, प्रतिकारशक्ती यांनी तो इकडेतिकडे होतो. पण दोन औषधं एकत्र का आणि पूर्ण तीन दिवस का, याचं उत्तर त्यात आहे. आर्टेमिसिनिनची एकटी गोळी तोंडाने द्यायला आपल्या देशात बंदी आहे, तीही यामुळेच.

रुग्णालयात आर्टेसुनेटची इंजेक्शनं घेऊन ताप उतरला की लोक घरी येतात आणि पुढच्या गोळ्या घेत नाहीत. तेही हेच झालं. इंजेक्शनांनंतर जोडऔषधाचा तीन दिवसांचा पूर्ण कोर्स घ्यावाच लागतो.

पूर्ण गोळ्या घेऊनही औषध अर्धं पोचतं, असंही होतं. ल्युमेफँट्रिन तेला-तुपाशिवाय नीट शोषलं जात नाही. तापात माणूस नुसत्या चहावर किंवा पेजेवर असतो, त्यावर गोळी घेतली तर औषधाचा बराच भाग तसाच वाया जातो. ज्यांना डॉक्टरांनी हे औषध दिलंय त्यांनी प्रत्येक गोळीबरोबर कपभर सायीचं दूध किंवा तूप घातलेला भात असं काहीतरी घ्यावं. दुसरा प्रकार उलटीचा. पहिला डोस घेतल्यावर १५ मिनिटं रुग्णाजवळ बसा. तेवढ्यात उलटून पडला तर १५ मिनिटं विश्रांती देऊन तोच डोस पुन्हा द्या. पुन्हा उलटला तर घरी थांबू नका, रुग्णालयात न्या. तिसरा प्रकार वजनाचा. तुमच्या यजमानांना तो लागू आहे. प्रायमाक्वीनचं प्रमाण व्हायवॅक्ससाठी किलोमागे पाव मिलिग्रॅम रोज. साडेसात मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या म्हणजे १५ मिलिग्रॅम, हे ६० किलोच्या माणसाला बरोबर बसतं. ८२ किलोला हिशोब साडेवीस मिलिग्रॅमचा होतो. क्लोरोक्विनचंही तेच: तीन दिवसांत किलोमागे एकूण २५ मिलिग्रॅम, आणि १५० मिलिग्रॅमच्या १० गोळ्या पुरतात त्या ६० किलोला. डोस वाढवायचा का आणि किती, हे डॉक्टर ठरवतील, पण त्यासाठी "वजन ८२ आहे" हे वाक्य तुम्ही टेबलासमोर म्हणायला हवं. गर्दीच्या ओपीडीत वजनकाटा दरवेळी वापरला जातोच असं नाही.

आता दवाखान्यात काय करायचं. जुलैचा रिपोर्ट, सप्टेंबरचा रिपोर्ट, उरलेल्या गोळ्यांची स्ट्रिप आणि मेडिकलवाल्याचं पाकीट असं सगळं बरोबर न्या. "प्रायमाक्वीन सहाव्या दिवशी सोडली" हे लपवू नका. कुणी रागावलं तरी चालेल, पण तेवढ्या एका माहितीने डॉक्टरांचा निर्णय बदलतो. ती माहिती नसेल तर डॉक्टरही "रेझिस्टंट" याच दिशेने विचार करतील. जी-सिक्स-पीडी नावाची रक्ततपासणी झाली नसेल तर ती मागून घ्या. हे विकर (एन्झाइम) ज्यांच्यात कमी असतं, आणि हे पुरुषांत जास्त आढळतं, त्यांच्या तांबड्या पेशी प्रायमाक्वीनने फुटू शकतात. जुलैत त्या सहा दिवसांत लघवी गडद झाली नसेल तर ती चांगली खूण आहे, तरी तपासणी करून घ्या. ते विकर कमी निघालं तर डॉक्टर रोजच्याऐवजी आठवड्यातून एकदा, असं ८ आठवडे, देखरेखीखाली देऊ शकतात.

सगळं ठीक असेल तर क्लोरोक्विन पुन्हा तीन दिवस आणि प्रायमाक्वीन पहिल्या दिवसापासून पूर्ण १४ दिवस, असाच उपचार बहुधा मिळेल. इथे तुमच्या मनात एक गणित येईल: आधीचे ६ दिवस झालेत, डब्यात ८ दिवसांच्या गोळ्या आहेत, ६ आणि ८ चौदा. ते जुळत नाही. मध्ये जवळजवळ दोन महिने गेले, यकृतातला जंतू पुन्हा रक्तात उतरला. मोजणी एकपासून.

जुलैत मळमळीने घात केला, म्हणून यावेळी गोळी पोटभर जेवल्यावरच, शक्यतो दुपारी किंवा रात्री, रोज एकाच जेवणानंतर. रिकाम्या पोटी प्रायमाक्वीन घेतली की पोटात कळ आणि मळमळ ठरलेली. भिंतीवरच्या कालनिर्णयवर १४ चौकटींत खूण करून ठेवा आणि गोळी गिळल्यावर यजमानांनी स्वतः फुली मारावी. लालबागला गणपतीच्या दिवसांत कोण कधी जेवतो याचा पत्ता नसतो, तेव्हा एक स्ट्रिप त्यांच्या खिशात असू द्या. एखादा दिवस चुकलाच तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नका, शेवटी एक दिवस वाढवा. लघवी काळ्या चहासारखी झाली, डोळे पिवळे दिसले, जिना चढताना धाप लागली, तर गोळी तिथेच थांबवून रुग्णालयात जा.

ताप तिसऱ्या दिवसानंतरही राहिला तर पुन्हा रक्ताची काच तपासा. "काच" मुद्दाम म्हणतो, झटपट किट नको. फाल्सिपेरम ओळखणारं किट ज्या प्रथिनावर चालतं ते प्रथिन जंतू मेल्यावरही काही आठवडे रक्तात राहतं. बऱ्या झालेल्या माणसाचं किट "पॉझिटिव्ह" येतं आणि कुणीतरी घाबरून आणखी भारी औषध सुरू करतं. औषध लागू पडलं की नाही, हे काचेवर जिवंत जंतू दिसतात का यावरूनच ठरतं. उपचार सुरू झाला तो दिवस शून्य धरा, आणि त्यापासून २८व्या दिवसापर्यंत पुन्हा ताप आला तर "औषध पूर्ण घेतलं, वजनाप्रमाणे घेतलं, उलटी झाली नाही, तरी ताप आला" असं सांगून काच तपासून घ्या. त्या परिस्थितीत औषध चालत नसल्याची शंका रास्त आहे आणि तशी नोंद व्हायला हवी.

आणि घरी कुणालाही झोपाळलेपण, बडबड, फिट, धाप, न थांबणारी उलटी, लघवी बंद किंवा काळसर होणं, यातलं काही दिसलं तर दवाखान्याचा नाद सोडून थेट मोठ्या रुग्णालयात.

एक आशेची गोष्ट. मलावी देशाने १९९३मध्ये क्लोरोक्विन देणं थांबवलं, कारण ते चालेनासं झालं होतं. पिशवीच्या भिंतीतला तो बदल जंतूला महाग पडतो. औषध असेल तेव्हा तो वाचवतो, नसेल तेव्हा ओझं होतो. औषध थांबल्यावर साधे जंतू पुन्हा वरचढ झाले आणि २००६मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तिथे क्लोरोक्विन पुन्हा जवळजवळ सगळ्या मुलांवर चाललं. पण त्यासाठी दहा-बारा वर्षं आणि हातात दुसरं चालणारं औषध लागलं. आर्टेमिसिनिनच्या बाबतीत तसा पर्याय आज कुणाकडे तयार नाही. पश्चिम कंबोडियात २००८च्या सुमारास ते सावकाश काम करू लागल्याचं दिसलं, आणि आता रवांडा, युगांडा, इरिट्रियातही केल्च १३मधले बदल सापडले आहेत. म्हणून ते पाकीट गल्लीतल्या काउंटरवर इतक्या सहज मिळावं याचं आम्हाला वाईट वाटतं.

शेवटी साइटबद्दल. मुंबईत मलेरिया पसरवणारा अॅनोफिलिस स्टीफेन्सी हा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो: स्लॅबवर क्युरिंगसाठी अडवलेलं पाणी, लिफ्टचा खड्डा, उघडी टाकी, चाळीच्या गॅलरीतलं झाकण नसलेलं पिंप. अंड्यापासून डास व्हायला आपल्या हवेत आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस सगळं पाणी उपसून कोरडं करायचं. तुमच्या यजमानांच्या हातात साइटचं हे काम आहे, हे फार मोलाचं आहे. व्हायवॅक्सच्या रुग्णाच्या रक्तात डासाला लागण करणारी रूपं पहिल्या एक-दोन दिवसांतच तयार असतात, तेव्हा औषध सुरू झालं तरी आठवडाभर त्यांनी मच्छरदाणीतच झोपावं. साइटवर दूरदूरच्या जिल्ह्यांतून, राज्यांतून माणसं येतात. कुणाच्या रक्तात कोणता जंतू आहे हे चेहऱ्यावरून कळत नाही, आणि दोन वेगळ्या जंतूंच्या जनुकांची सरमिसळ डासाच्या पोटातच होते. गावाहून परतलेल्या कामगाराला ताप आला की क्रोसिन देऊन कामावर पाठवू नका. पालिकेच्या आरोग्य केंद्रात रक्त तपासायला पैसे पडत नाहीत. तिथे तो कुठून आला तेही सांगायला सांगा.

मुलाचा रिपोर्ट आला की त्यावर व्हायवॅक्स, फाल्सिपेरम की दोन्ही, ते वाचून घ्या. त्याचं वजन काट्यावर करून, त्याच्या नावाची वेगळी चिठ्ठी आणि वेगळ्या गोळ्या मागा. डब्यातल्या त्या १६ गोळ्या डॉक्टरांच्या टेबलावर ठेवून या.